खुर्ची मिळाल्यावर काय करायचं? मुर्डीच्या रँग्लर परांजप्यांच्या कारकिर्दीतून घ्यायचे धडे



आपल्या समाजातली एक मोठी पिढी आज बँकांत, विमा कंपन्यांत, आयटी कंपन्यांत आणि सरकारी कार्यालयांत अधिकाराच्या जागांवर पोहोचली आहे. कुणी टीम लीडर आहे, कुणी शाखाधिकारी, कुणी प्राचार्य. चळवळीतल्या तरुणांशी बोलताना आम्हाला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मोर्चात, शिबिरात, जयंतीच्या कामात काय करायचं ते समजतं, पण नोकरीत राहून, संस्थेच्या आत बसून समाजासाठी नेमकं काय करता येतं? नेतृत्वाचे धडे शिकवणारी पुस्तकं बाजारात ढिगाने मिळतात. त्यांत वेळेचं नियोजन असतं, टीम कशी सांभाळावी हे असतं. जातीचा प्रश्न मात्र त्यांत सहसा नसतो.

म्हणून आज आम्ही एका अशा माणसाचं आयुष्य मांडत आहोत ज्याने जवळपास सहा दशकं संस्थांच्या आत राहून काम केलं. प्राचार्य, मंत्री, तीन विद्यापीठांचे कुलगुरू, परदेशात भारताचे प्रतिनिधी, अशी ही कारकीर्द आहे. ते आपल्या समाजातले नव्हते आणि आपल्या चळवळीतलेही नव्हते. तरीही त्यांनी केलेली एक गोष्ट आणि त्यांच्याकडून राहून गेलेली एक गोष्ट, दोन्ही आपल्याला आज उपयोगी आहेत. त्यांचं नाव रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, म्हणजेच रँग्लर परांजपे.

एका तालुक्यातल्या दोन शाळा

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर आंजर्ले आहे. बहुतेकांना हे गाव कड्यावरच्या गणपतीमुळे माहीत असतं. गावाला लागूनच मुर्डी आहे. तिथे १६ फेब्रुवारी १८७६ रोजी परांजप्यांचा जन्म झाला. मुर्डी, आंजर्ले, दापोली अशा पायऱ्या चढत त्यांचं शालेय शिक्षण झालं. नात्यातले धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी कर्वे, याच तालुक्यातल्या मुरूडचे. मुंबईला पुढच्या शिक्षणासाठी गेल्यावर त्यांच्याच आधाराने परांजपे शिकले. कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. रूढीविरुद्ध गेलं की आपलीच माणसं काय करतात, हे परांजप्यांनी तरुणपणीच जवळून पाहिलं होतं.

याच दापोलीचा दुसरा इतिहास आपल्याला ठाऊक असायलाच हवा. सैन्यातून निवृत्त झालेले अनेक महार पेन्शनर दापोलीच्या कॅम्पात राहत. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर इथेच आले आणि १८८८ साली त्यांनी विटाळाच्या रूढीवर घाव घालणारी पुस्तिका काढली. पेन्शनरांच्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावं म्हणून या मंडळींना अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. प्रवेश मिळाला तेव्हाही मुलांना वर्गात जागा नव्हती, व्हरांड्यात होती. सुभेदार रामजी सकपाळांचं मूळ गाव आंबडवे, आजच्या मंडणगड तालुक्यातलं. निवृत्तीनंतर तेही कुटुंबासह दापोलीत राहिले होते आणि लहानगे भीमराव त्यांच्यासोबत होते. पुढे हे कुटुंब साताऱ्याला गेलं.

एकाच तालुक्यातल्या मुलांच्या वाट्याला आलेल्या या दोन वेगवेगळ्या शाळा. हुशारी दोन्हीकडे होती. एका मुलासाठी वर्ग, फळा आणि मास्तर तयार होते. दुसऱ्याला उंबरठा ओलांडण्यासाठी अर्ज करावा लागत होता. परांजप्यांचं कर्तृत्व खरं आहे, ते कमी लेखण्याचं कारण नाही. पण त्या कर्तृत्वाला सुरुवातीचा रस्ता मोकळा मिळाला होता, हे विसरून कुणाचंही चरित्र वाचू नये असं आम्हाला वाटतं.

शब्द दिला तो पाळला

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतल्यावर परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांत पहिला येणारा तो सिनियर रँग्लर. १८९९ साली हा मान परांजप्यांना एका इंग्रज विद्यार्थ्यासोबत विभागून मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होते. देशभर त्यांचं नाव झालं. मनात आणलं असतं तर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी त्यांना सहज मिळाली असती.

पण जाण्यापूर्वी त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता की परत येऊन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून काम करू. आजीव सदस्यांचा पगार अगदी जेमतेम असे. परांजपे परत आले, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. तेव्हा त्यांचं वय पंचवीस-सव्वीस होतं. पुढची सुमारे दोन दशकं कॉलेजची धुरा त्यांच्याकडे राहिली.

इथे पहिला धडा आहे. ज्या संस्थेने, ज्या समाजाने आपल्याला वर पाठवलं तिचं देणं असतं. ते देणं फेडण्याचा काळ आणि मार्ग वर जाण्याआधीच ठरवलेला असावा. वर गेल्यावर ठरवू म्हणणाऱ्यांचं काय होतं ते आपण रोज पाहतो. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत व्यक्त केली ती याच गोष्टीची होती.

लोकप्रियता बाजूला ठेवून

प्राचार्य म्हणून परांजप्यांची ओळख शिस्तप्रिय आणि निर्भीड अशी होती. १९०५ साली विदेशी कापडाच्या होळीवरून त्यांनी विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. त्या वेळच्या पुण्यात हा निर्णय घेणं म्हणजे टीका ओढवून घेणं होतं आणि ती झालीच. निर्णय बरोबर होता की चूक, यावर मतभेद होऊ शकतात. विद्यार्थ्याच्या राजकीय मताबद्दल शिक्षा करणं आम्हाला पटत नाही. पण लोक काय म्हणतील याचा हिशेब करून हा माणूस सही करत नव्हता, एवढं त्यातून दिसतं.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. तेच पुढे एसएनडीटी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्याचे पहिले कुलगुरू परांजपे झाले. मुलींना मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याची ही कल्पना तेव्हाच्या अनेक शिकलेल्या पुरुषांना हास्यास्पद वाटत होती. नव्या, पैसा नसलेल्या, टिकेल की नाही याची खात्री नसलेल्या संस्थेला स्वतःचं नाव आणि वजन देणं हेही नेतृत्वच आहे. आपल्याकडे असं वजन असलेली माणसं पुष्कळदा प्रस्थापित व्यासपीठांवरच दिसतात. आपल्या वस्तीतल्या ग्रंथालयाच्या, अभ्यासिकेच्या किंवा वसतिगृहाच्या विश्वस्त मंडळावर त्यांची नावं शोधावी लागतात.

मात्र याच काळाचं दुसरं चित्रही समोर ठेवायला हवं. १९०२ मध्ये परांजपे प्राचार्य झाले आणि त्याच वर्षी २६ जुलैला छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात नोकऱ्यांच्या ५० टक्के जागा मागासलेल्या जातींसाठी राखून ठेवल्या. पुण्यातल्या कॉलेजांत तेव्हा बहुसंख्य विद्यार्थी ब्राह्मण होते. दार उघडं ठेवलं की सगळे येतील असं उदारमतवादी मंडळींना वाटत होतं. ज्यांना दारापर्यंत येऊच दिलं जात नाही त्यांच्यासाठी जागा राखाव्या लागतात, वसतिगृहं काढावी लागतात, हे शाहू महाराजांनी ओळखलं.

सहीची ताकद

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत शिक्षणासारखी खाती भारतीय मंत्र्यांकडे आली. मुंबई प्रांतात १९२१ ते १९२३ या काळात शिक्षणमंत्री होते रँग्लर परांजपे. त्याच काळात विधिमंडळात अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप हे एकच सरकारनियुक्त सदस्य होते. बाबासाहेब विलायतेला गेल्यावर ‘मूकनायक’ सांभाळणारे हेच ते घोलप. मतदानाच्या जोरावर काही करून घ्यावं अशी आपली संख्या सभागृहात नव्हती.

अशा वेळी, १९२३ मध्ये, मुंबई सरकारच्या शिक्षण खात्याने एक निर्णय घेतला. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या कोणत्याही अनुदानित शाळेला सरकारी अनुदान द्यायचं नाही. त्याच वर्षी ४ ऑगस्टला रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवल्या जाणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कोर्ट, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत, असा तो ठराव होता.

शाळेच्या निर्णयातली खुबी नीट पाहू. शाळाचालकांना माणुसकीचा उपदेश केलेला नाही. जातिभेद वाईट आहे असं भाषण नाही. प्रवेश नाकारला तर पैसा बंद, एवढंच. ज्या व्हरांड्यासाठी दापोलीच्या पेन्शनरांनी तीस वर्षांपूर्वी अर्ज केले होते, त्याच दापोलीच्या शाळेत शिकलेला माणूस आता खात्याचा मंत्री होता. या खुर्चीवर पोहोचणं आणि त्या खुर्चीतून असा निर्णय निघणं, दोन्ही महत्त्वाचं.

नोकरीत असलेल्या आपल्या तरुणांसाठी आम्हाला हा सर्वांत मोठा धडा वाटतो. संस्थेच्या आत असलेल्या माणसाकडे भाषणापेक्षा वेगळं हत्यार असतं. ते म्हणजे अट, निकष, नियम आणि सही. इंटर्नशिपची जाहिरात कोणत्या कॉलेजांत पोहोचवायची, मुलाखतीच्या मंडळात कोण बसेल, सीएसआरचा निधी कोणत्या शाळेला जाईल, कंत्राटदाराने सफाई कामगारांना हातमोजे आणि पूर्ण पगार दिल्याशिवाय बिल मंजूर करायचं का, असे शेकडो छोटे निर्णय रोज कुणीतरी घेत असतं. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. म्हणून तर तिथे ही सही कुणाच्या हातात आहे याला जास्त अर्थ आहे.

सही झाली, पुढे काय?

आता राहून गेलेली गोष्ट. १९२३ सालीच परांजप्यांच्या खात्याने प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणला. त्याने प्राथमिक शाळांचा कारभार मोठ्या प्रमाणात लोकल बोर्डं आणि नगरपालिकांकडे गेला. स्थानिक लोकांच्या हाती शिक्षण द्यावं हा हेतू ऐकायला चांगला आहे. पण त्या लोकल बोर्डांत आणि नगरपालिकांत बसत होतं कोण? आपल्या मुलांशेजारी महार-मांग-चांभारांची मुलं बसू नयेत असं ज्यांना वाटत होतं तीच मंडळी तिथे बहुसंख्येने होती. वरून हुकूम निघाला आणि त्याची अंमलबजावणी ज्यांच्याकडे होती त्यांनाच तो नको होता.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, प्रत्यक्षात तीन वर्षं कुणाला पाण्याला हात लावता आला नाही. १९२७ मध्ये बाबासाहेब विधिमंडळात सरकारनियुक्त सदस्य म्हणून गेले. १२ मार्चला त्यांनी सभागृहात शिक्षणाच्या खर्चावर आकडेवारीसह भाषण केलं आणि आपली मुलं शिक्षणात किती मागे ठेवली गेली आहेत ते दाखवून दिलं. त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, ते हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले. सभागृहातलं भाषण आणि तळ्यावरचं पाणी एकाच महिन्यातलं आहे. एकाशिवाय दुसरं अपुरं आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

शाळांचंही तेच झालं. १९२८ साली सरकारला स्टार्ट समिती नेमावी लागली. बाबासाहेब, डॉ. पुरुषोत्तम सोळंकी आणि ठक्करबाप्पा तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात मुलांना वेगळं बसवण्याचा प्रश्न पुन्हा घ्यावाच लागला. म्हणजे आदेशाला सात वर्षं होऊनही व्हरांडा संपला नव्हता.

परांजप्यांसारख्या उदारमतवाद्यांचा कायद्यावर, शिक्षणावर आणि माणसाच्या विवेकावर विश्वास होता. तो विश्वास खोटा नव्हता, पण अपुरा होता. नियम करणाऱ्याने नियम मोडणाऱ्याला कोण पकडेल, तक्रार कुणाकडे जाईल, तक्रार करणाऱ्याला संरक्षण काय, हे ठरवलं नाही तर नियम फाईलमध्ये राहतो. आणि बाहेर संघटित माणसं नसतील तर फाईल उघडायला लावणारंही कुणी नसतं. बाबासाहेब पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या खुर्चीवरून त्यांनी सरकारी नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागांचं प्रमाण पक्कं करून घेतलं आणि उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू करवून घेतल्या. आत बसून त्यांनी टाकलेली पावलं टिकली, कारण बाहेर त्यांनी उभी केलेली चळवळ जागी होती.

कड्यावरच्या गावातला विवेकवादी

मंत्रिपदानंतर परांजपे लंडनमध्ये इंडिया कौन्सिलचे सदस्य होते. १९३२ ते १९३८ ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९४४ ते १९४७ ते ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर होते. ऐंशी वर्षांचे झाल्यावर, १९५६ मध्ये, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९५९ पर्यंत राहिले. ६ मे १९६६ रोजी त्यांचं निधन झालं.

या सगळ्या पदांच्या काळात एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. ते उघड विवेकवादी होते. धर्माने सार्वजनिक जीवनात लुडबूड करू नये असं त्यांचं ठाम मत होतं. १९४९ साली मद्रासला इंडियन रॅशनॅलिस्ट असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. ज्या परिसराची ओळख देवळाने होते तिथून असा माणूस निघाला याचं आम्हाला अप्रूप वाटतं. त्यांची मुलगी शकुंतला परांजपे यांनी संततिनियमनाच्या कामाला वाहून घेतलं. त्या क्षेत्रातले आद्य कार्यकर्ते र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांची बाजू कोर्टात बाबासाहेबांनी मांडली होती. विवेकाच्या वाटेवर ही माणसं अशी एकमेकांच्या जवळून गेली आहेत.

कालाम सुत्तातून भगवान बुद्धांनी आपल्याला जे सांगितलं, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, ते परांजप्यांनी गणिताच्या वाटेने स्वीकारलं असं म्हणता येईल. पण तथागतांच्या शिकवणीत विवेकासोबत करुणा आणि संघ आहे. प्रज्ञा एकट्या माणसाला लाभते, समाज बदलायला मात्र संघ लागतो. आमच्या मते परांजप्यांच्या कारकिर्दीत कमी पडला तो हा संघ.

आपण काय करायचं

आपल्या अधिकाऱ्यांना आणि मॅनेजरांना आमचं सांगणं थोडक्यात एवढं आहे. तुमच्या खुर्चीला किती अधिकार आहे याची एकदा बसून यादी करा. त्यातला एक तरी नियम, एक तरी निकष असा बदला की ज्याने दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाला आत येता येईल. शक्य असेल तिथे त्या नियमाला पैशाची किंवा जबाबदारीची अट जोडा, म्हणजे तो सहज टाळता येणार नाही. वर्षभराने तो पाळला गेला का ते तपासा. आणि हे एकट्याने करू नका. आपल्या कार्यालयातल्या, आपल्या क्षेत्रातल्या लोकांशी आणि वस्तीतल्या संघटनेशी जोडलेले राहा. अडचण आली तर बाहेरून आवाज उठवणारं कुणीतरी हवंच.

चळवळीतल्या तरुणांना एवढंच म्हणू की आत गेलेल्या आपल्या माणसाला लगेच विकलेला ठरवू नका. त्याच्याकडून भाषणाची अपेक्षा करण्याऐवजी कामाची मागणी करा. कोणता नियम, कोणती यादी, कोणती सही, हे नेमकं सांगा. आणि त्याने सही केली की तिची अंमलबजावणी होईपर्यंत पाठपुरावा करण्याचं काम आपलं समजा.

जय भीम, नमो बुद्धाय.